शेडला आतून कडी नाही

बागकाम करणारी माणसं एकत्र आली की झाडांबद्दल बोलतात, असा एक समज आहे. तो पहिल्या पाच मिनिटांपुरता खरा आहे. पुढे गाडी कुणाच्या तरी शेडवर घसरते आणि चहा येईपर्यंत तिथून हलत नाही.

नांदेडला आमच्या कॉलनीत अशी सहा-सात निवृत्त मंडळी आहेत. आमचे हेही त्यातलेच. प्रत्येकाच्या घरामागे दहा-बाय-बाराचं काहीतरी उभं आहे. चार खांब, वर पत्रे, एका बाजूला जाळी. याला 'शेड' म्हणायचं. आत काय असतं? एका चाकाची सायकल, फुटका माठ, तीन झारे (त्यातले दोन गळके), आणि कधीकाळी कुणीतरी आणलेलं अर्धं पोतं सिमेंट, जे आता दगड झालंय. यातली एकही वस्तू टाकायची नाही. का? तर 'लागंल कधीतरी'!

एस. टी.तून निवृत्त झालेले शेजारी म्हणतात, "आमचं शेड म्हणजे बाजारच्या दिवशीची गाडी. उभ्यानंसुद्धा जागा नाही." त्यावर पोस्टातले काका लगेच म्हणतात, "तुमच्या शेडात गेलेलं खुरपं म्हणजे पत्ता चुकलेलं पाकीट. पोचायला वर्ष लागतं." आमच्या ह्यांनी खतासाठी विटांचा हौद बांधायला काढला, त्याला तीन वर्षं झाली. मध्यंतरी त्यात मांजर व्यायली. तेव्हापासून सगळे विचारतात, "काय सर, किती खत निघालं?" आणि हे शांतपणे सांगतात, "चार. दोन पांढरे, दोन काळे."

लातूरहून माझा धाकटा भाऊ आला की चेष्टेला आणखी रंग चढतो. तो म्हणतो, "तुमच्या नांदेडला काय आक्का, गोदावरी उशाशी हाय. काडी खुपसली तरी फुटती. आमच्या लातुरात झाडालाबी क्लास लावावा लागतो, तवा कुठं पास होतंय." लातूर पॅटर्नवर लातूरकरानंच केलेली ही कोटी आमच्या कट्ट्यावर फार गाजली.

तर या शेडाचा इतिहास लिहावा असं बरेच दिवस मनात होतं. इतिहास म्हटला की आपल्याला कंधारचा किल्ला, औशाचा किल्ला, नाहीतर निजामाची राजवट आठवते. परसातल्या पत्र्याच्या खोपट्याला कोण विचारतो? पण आमच्या या दोन जिल्ह्यांत त्या खोपट्याला इतिहास आहे, आणि तो नुसता हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

सुरुवात पत्र्याच्याही आधीपासून करते. लातूर, धाराशिव आणि आमच्या नांदेडच्या काही भागांत मार्गशीर्षातल्या अमावास्येला वेळा अमावास्या असते. आम्ही तिला येळवस म्हणतो. गावंच्या गावं त्या दिवशी रिकामी होतात आणि रानात जेवायला जातात. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. तर त्या दिवशी शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून एक खोप करतात. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड ठेवायचे, ते पांडव. त्यांची पूजा करून मग पंगत. माझ्या मते आमच्या मुलखातलं सगळ्यात जुनं 'शेड' हेच. खोप दरवर्षी नवी बांधतात, पुढे ती मोडते, तिचा कडबा जनावरं खातात. तिच्यासाठी कुणी रडत नाही, कारण पुढच्या वर्षी पुन्हा ती उभी राहणार हे माहीत असतं.

गावातलं घर मात्र याच्या अगदी उलट. आमच्याकडचं जुनं घर म्हणजे माळवद. दगड-मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब आणि तुळया, त्यावर किलचांची दाटी आणि वर पांढऱ्या मातीचा थर. घर किती मोठं हे खणांवर मोजत. सोयरीक जुळवताना 'किती खणांचं घर?' हा प्रश्न आधी, मुलाचं शिक्षण नंतर! उन्हाळ्यात आत गारवा आणि हिवाळ्यात ऊब. माळवदावर मिरच्या, कुरडया, पापड वाळत घालायचे आणि रात्री चांदण्यात झोपायचं. घराच्या मागं परस. तिथं न्हाणी, न्हाणीच्या पाण्यावर एखादी केळ, अळू, पुदिना, आणि एका कडेला जनावरांचा गोठा. आमच्या माहेरी देवणी गाय होती आणि सासरी लाल कंधारी. कुणाची गाय चांगली यावर दोन्ही घरांत जो वाद झाला, तो दोन्ही गाई गेल्या तरी मिटलेला नाही.

माळवदाचं एक होतं. पावसाळ्याआधी दरवर्षी त्याच्यावर नवी माती टाकावी लागे, नाहीतर ते गळे. जुनी माती सहसा कुणी काढत नसे. आजोबांनी टाकली, वडिलांनी टाकली, मुलानं टाकली. थर वाढत गेला. मी वर्गात गणित शिकवायचे नाही, पण हे गणित सोपं आहे. दहा-बाय-दहाच्या खोलीवर दीड फूट माती म्हणजे दीडशे घनफूट, म्हणजे दीड ब्रास. वजन सहा-सात टन. त्याच खोलीवर पत्रे घातले तर वजन ज्वारीच्या एका पोत्याहून कमी!

पण पत्र्याला मान नव्हता. नालीदार पत्र्याचा शोध लंडनच्या गोदीतला. हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं १८२९ साली त्याचं पेटंट घेतलं. सपाट पत्रा वाकतो, पण त्याला नाल्या पाडल्या की तोच पातळ पत्रा भार पेलतो, एवढीच त्यातली युक्ती. पुढे १८३७ च्या सुमाराला लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याची पद्धत आली, गंजाची काळजी कमी झाली आणि हा पत्रा जगभर पसरला. आमच्याकडे तो आला तो गोदामावर, जिनिंगवर, गोठ्यावर. घरावर पत्रा म्हणजे गरिबी. 'पत्र्याच्या घरात लेक देऊ नये', असं बायका सर्रास म्हणत. उन्हाळ्यात भट्टी, पावसात इतका आवाज की नवऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. (याला काही जणी फायदा म्हणत, ते सोडा.)

मग ३० सप्टेंबर १९९३ उजाडला.

आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर, यांच्या आसपासची गावं काही सेकंदांत मातीचे ढीग झाली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. नांदेडला आमच्या मांडणीवरची भांडी वाजली आणि आम्ही उठून बसलो. काय झालं ते सकाळी रेडिओवर कळलं. किल्लारीच्या लोकांना त्याआधी, १९९२ च्या ऑक्टोबरातही धक्के जाणवले होते. तरी एवढं काही होईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दख्खनचा दगड म्हणजे अढळ, असं आम्हीही मुलांना शिकवत होतो. पुस्तकात तसंच होतं.

पुढे तज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा जे निघालं ते शाळेच्या फळ्यावर लिहिण्यासारखं होतं. भिंती रुंद होत्या, पण एकजीव नव्हत्या. बाहेरच्या बाजूचा दगडांचा थर वेगळा, आतला वेगळा, मध्ये माती-गोटे. दोन्ही थरांना आरपार बांधणारा लांब दगड घातलेलाच नव्हता. हादरा बसताच भिंतीची दोन पुडं सुटली आणि वरची टनावारी माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. काही ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती तेवढ्या ढासळल्या. ज्या खणांनी श्रीमंती मोजायची, त्या खणांनी काही जीव वाचवले. पण जिथे छताचा भार भिंतींवरच होता, तिथे काही उरलं नाही. आणि त्याच गावांच्या कडेला कुडाच्या, गवताच्या, पत्र्याच्या खोपटांत जे लोक राहत होते, ते मोठ्या प्रमाणात वाचले. 'लेक देऊ नये' म्हणायचे ती हीच घरं.

भूकंपानंतर आठवडाभरानं मी लातूरला भावाकडे गेले. लातूर शहर किल्लारीपासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. शहर उभं होतं, पण घरात कुणीच झोपत नव्हतं. गल्लीत, मैदानात, अंगणात, जिथं जागा मिळेल तिथं बाजा आणि सतरंज्या. लहानसे धक्के अधूनमधून चालूच होते. कुणाचं भांडं पडलं तरी सगळी गल्ली उठून उभी राहायची. पावसाची भुरभुर सुरू झाली तेव्हा भावानं परसात शेड उभं केलं. बाजारात पत्र्याला मागणी इतकी की रांगेत उभं राहावं लागलं. आठ बल्ल्या, बारा पत्रे, आणि जुन्या गोठ्याचं एक दार. त्या शेडात आई, भाऊ, भावजय, दोन पोरं आणि शेजारची म्हातारी असे सहा जण झोपायचे. मी चार रात्री होते, तेव्हा सात.

त्या दाराला भावानं आतून कडी लावली नाही. दार बाहेर उघडणारं, नुसतं ढकललं की उघडेल असं. पुढे कित्येक वर्षं आमच्या कट्ट्यावर त्या दाराची चेष्टा चालू होती. "बाहेरून कुलूप लावता येतंय, आतून कडी नाही! हे शेड हाय का तुरुंग?" भाऊ हसण्यावारी न्यायचा. एकदा त्यानं मला एकटीला सांगितलं. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात तो मदतीला गेला होता. तिथं एका घराची चौकट उभी होती, दार आतून कडी लावलेलं होतं आणि चौकट तिरकी झाल्यानं ती कडी निघाली नव्हती. त्यानं एवढंच सांगितलं. पुढचं मी विचारलं नाही.

शेडांचा खरा सुकाळ त्यानंतर झाला. सरकारनं जागतिक बँकेच्या मदतीनं पुनर्वसनाचं मोठं काम हाती घेतलं. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फुटांचं घर, एक ते सात हेक्टरवाल्याला ४०० आणि त्याहून जास्त जमीन असणाऱ्याला ७५०. याशिवाय लाखाहून अधिक घरं जागच्या जागी दुरुस्त झाली किंवा बळकट केली गेली. नवी गावं कागदावर सरळ रेषेत आखलेली होती. रस्ते रुंद, घरं एकमेकांपासून लांब. पण अडीचशे फुटांत माणसं मावतील हो, वैरण कुठं मावणार? चूल, कणगी, नांगर, शेळी, म्हातारीची बाज? शिवाय स्लॅबखाली झोपायची भीती वर्षानुवर्षं गेली नाही. मग प्रत्येकानं सरकारी घराच्या मागंपुढं आपापलं पत्र्याचं शेड ठोकलं. घर सरकारनं दिलं, शेड ज्याचं त्यानं बांधलं. म्हणून एका गावातली सगळी घरं सारखी आणि शेडं मात्र एकासारखं दुसरं नाही. कुणाच्या शेडाला ढाळजेसारखा ओटा, कुणाच्या शेडात चूल, कुणी दारात तुळस. जुनं परस असं मागच्या दारानं परत आलं.

त्या कामात बायकांचा वाटा मोठा होता, हे आवर्जून सांगायला हवं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या प्रेमा गोपालन यांनी गावोगावच्या बायकांना पुढं आणलं. त्यांना 'संवाद सहायक' म्हणत. लोकांना योजना समजावून सांगायची, बांधकाम नीट होतंय का बघायचं, हे काम त्या करत. कालपर्यंत डोक्यावरचा पदर न सरकवणारी बाई कंत्राटी गवंड्याला 'आडवा दगड घातलास का?' म्हणून विचारू लागली. पुढं याच बायकांतून एकरभर रानात घरापुरत्या भाज्या-धान्याची मिश्र शेती करण्याचं काम उभं राहिलं आणि संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं.

आपल्याच वाट्याला हे आलं असं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर इंग्लंडात बॉम्बहल्ल्याच्या भीतीनं सरकारनं घरोघरी नालीदार पोलादी पत्र्यांचे आसरे वाटले. पहिले लंडनच्या इस्लिंग्टन भागात, फेब्रुवारी १९३९ मध्ये. ज्या मंत्र्याचं नाव त्यांना मिळालं, ते सर जॉन अँडरसन त्याआधी आपल्याकडे बंगालचे गव्हर्नर होते. परसात चार फूट खड्डा खणायचा, वाकवलेले पत्रे बोल्टनं जोडून उभे करायचे आणि वर पंधरा इंच माती टाकायची. वर्षाला २५० पौंडांपेक्षा कमी मिळकत असणाऱ्यांना ते फुकट. असे एकूण छत्तीस लाख आसरे वाटले म्हणतात. लोकांनी त्यांच्यावरच्या मातीत भाज्या लावल्या, आणि कुणाच्या आसऱ्यावरचा भोपळा मोठा यावर पैजा लागू लागल्या असतील याची मला खात्री आहे, कारण बागवाल्यांचा स्वभाव जगात सगळीकडे सारखाच! युद्ध संपल्यावर कित्येकांनी तेच पत्रे उपसून परसात उभे केले आणि त्यात फावडी-कुदळी ठेवल्या. इंग्रज माणसाच्या शेडावरचे विनोद प्रसिद्ध आहेत. त्यातली काही शेडं या पत्र्यांचीच होती.

तिथं वरच्या मातीनं जीव वाचवले, आमच्याकडे त्याच मातीनं घेतले. दोष मातीचा नव्हताच. ती कशावर ठेवली हा प्रश्न होता. तिथं खाली वाकवलेलं पोलाद होतं, इथं मध्येच उकलणारी भिंत.

भावाच्या शेडातली माणसं हळूहळू घरात गेली. आधी पोरं, परीक्षा आली म्हणून. मग भावजय. आई शेवटी, १९९४ च्या पावसाळ्यात. मग तिथं वैरण आली, वैरण गेली आणि कुंड्या आल्या. भाऊ निवृत्त झाल्यावर तर तो दिवसभर तिथंच. त्याच्या शेडात ठिबकच्या नळ्यांचं एवढं मोठं जाळं आहे की आमचे हे म्हणतात, "ही बाग नव्हं, आयसीयू हाय." त्यालाही कारण आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला पाणी नव्हतं. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतील म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. १९११ साली जिथं बार्शी लाईटची अडीच फुटी गाडी पहिल्यांदा आली, त्या लातुरात शंभर वर्षांनी गाडीतून पाणी उतरलं! त्या चार महिन्यांत भावानं भांडी घासलेलं, तांदूळ धुतलेलं पाणी शेडातल्या पिंपात साठवून एक लिंबू, एक शेवगा आणि कढीपत्ता जगवला. तेव्हापासून आम्ही नांदेडकर गोदावरीचं नाव काढायला लागलो की तो म्हणतो, "तुमच्या झाडाला नदीचं पाणी. आमच्या झाडानं रिझर्व्हेशन करून पाणी आणलंय."

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझा लातूरचा भाचा. त्याला परसातलं शेड पाडून तिथं दोन खोल्या आणि गाडीला जागा करायची आहे. घरात यावरून अबोला आहे. भाऊ काही बोलत नाही, नुसता शेडात जाऊन बसतो. भाच्यानं मला फोन केला, "आत्या, तूच सांग त्यांना. गंजक्या बारा पत्र्यांत काय ठेवलंय?" तो तेव्हा पाच वर्षांचा होता. त्या शेडात तो माझ्या कुशीत झोपला होता, हे त्याला आठवत नाही. आठवू नये, हेही एका परीनं बरंच.

मी त्याला जे सांगितलं तेच इथं लिहिते, म्हणजे घरातली सगळी मंडळी वाचतील. पाड बाबा. पत्रा गंजला की तो उतरवायचाच असतो. खोपीवर जीव लावून बसणारी माणसं आपण नाही. येळवसला दरवर्षी नवी बांधतो. पण दोन गोष्टी कर. नव्या खोल्यांचा नकाशा भूकंपाचा विचार करून दे असं इंजिनिअरला आधी सांग. आपला जिल्हा कोणता आहे हे विसरून स्वस्तातलं काही करू नकोस. आणि मागं चार हात जागा मोकळी सोडून एक हलकं छप्पर उभं कर. वडिलांच्या कुंड्या, नळ्या आणि 'लागंल कधीतरी'ची सगळी अडगळ तिथं राहील. त्या छपराला दार लावलंस तर बाहेर उघडणारं लाव. कडी आतून लावायची की नाही ते वडिलांना विचार. विचारलंस की तो सांगेल. बत्तीस वर्षांत हे त्याला घरातल्या कुणीच विचारलेलं नाही, आणि तो आपणहून सांगणारा माणूस नाही.

आणि तुम्ही मंडळी, लातूर-नांदेड-धाराशिवकडची जी असाल, तुमच्याही घरामागं त्या वर्षीचं एखादं शेड असेल तर त्यात कोण कोण झोपलं होतं त्यांची नावं एका कागदावर लिहून ठेवा. आमच्या शेडाची सात नावं मी काल वहीत लिहिली. शेजारच्या म्हातारीला सगळी गल्ली नुसती 'मावशी' म्हणायची. तिचं खरं नाव भावजयीला फोन करून विचारावं लागलं.